कैफियत गझालेच्या क्लचची

बिस्मिल्ला करोन लेखणी उचलिली. तिलिम्सान शहरी, वरचे आळीस, निळ्या लोखंडी दरवाजाचे घरी राहणार सी बूअलेम बेनदाऊद, टपालखात्याचे निवृत्त अंमलदार, उमर शहात्तर, यांणी आपल्या गाडीचा क्लच आपल्या घरी, आपल्या हाते, कोणा मिस्त्रीचे उपकाराविना पालटिला, त्या मोहिमेची साद्यंत हकिगत पुढील पिढ्यांस कळावी म्हणोन लिहून ठेविली आहे. लिहिणार त्यांची कबिला, म्हणजे बायको, यमीना. आमचे स्वयंपाकघर आणि घराखालचे गॅरेज यांमध्ये एक खिडकी आहे, सबब रणातील एकही शब्द आम्हांस चुकला नाही. जे शब्द लिहिण्याजोगे नव्हते ते वगळिले, आणि त्यामुळे बखर निम्मी जाहली.

प्रथम गाडीचे घराणे सांगतो. नाव गझाला, रंग सायीचा, दरवाजे चार, पैकी तीन उघडणारे. आमचा थोरला नादिर चालू लागला त्या साली ती घरी आली, आणि आळीतील पहिलीच गाडी म्हणोन बायका गच्च्यांवर उभ्या राहिल्या, आणि जिभा हलवोन लग्नातल्यासारखा हर्षाचा गजर केला, आणि आमच्या सासूबाईंनी चारी चाकांवर नारिंगफुलांचे पाणी शिंपिले. ते दिवस वेगळे होते. तेव्हा गाडीत नऊ माणसे बसत आणि कोणास दाटी वाटत नसे. आता एक माणूस बसतो आणि त्यास जागा पुरत नाही.

त्या सालापासून दर शुक्रवारी सी बूअलेम खासे चक्र धरीत, आणि आम्ही शेजारी बसत असू, आणि घाट चढोन ऐन रम्मान गावी आमची वडील बहीण लल्ला खेइरा हिचे घरी दुपारचे कुस्कुस, म्हणजे वाफविलेला रवा आणि वर रस्सा, खाण्यास जात असू. बहिणीची उमर चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. शुक्रवारी त्या गावी बस जात नाही, आणि टॅक्सीवाले तो घाट ऐकोनच कानांस हात लाविती. ती घर सोडोन खाली येत नाही. म्हणते, डाळिंबांना पाणी कोण घालील. सबब आठवड्यातून एक भेट. बाकी सहा दिवस तिचे दारी एक मांजर येते, आणि तेही कामापुरते.

आता क्लच कैसा पडला तेही लिहिणे प्राप्त आहे, कारण पराभवाची कारणे दडवील तो बखरनवीस नव्हे, नातेवाईक होय. आम्ही दोन्ही आहोत, तरी लिहितो. सी बूअलेम यांची गाडी हाकण्याची तऱ्हा ऐसी की डावा पाय क्लचवरून कधी उचलावयाचा नाही. जिंकलेल्या राजाचे मानेवर पाय ठेवावा तैसा पन्नास वर्षे ठेविला. मग मागील शुक्रवारी, घाटाचे चौथे वळणी, जळका वास सुटला.

“अहो, काहीतरी जळतंय.”

“पुढच्या ट्रकचा वास आहे.”

“पुढे ट्रक नाहीये.”

“म्हणजे नुकताच गेला असेल.”

इतकियात गझालेने लांब उसासा टाकिला, आणि इंजिन गर्जत राहिले आणि चाके जागची हालेनात, जैसा सरदार आरोळ्या देतो आहे आणि फौज जेवत बसली आहे. मग मेंढरे नेणाऱ्या एका ट्रकास दोर बांधोन आम्ही परत खाली आलो. मागे तोंड करोन उभी असलेली तीस मेंढरे वाटभर सी बूअलेम यांजकडे पाहत होती. वर ऐन रम्मानास बहिणीने ताट वाढोन ठेविले होते, ते मांजराने खाल्ले.

त्याच सायंकाळी वाहरान शहराहून नादिराचे फर्मान टेलिफोनावरोन सुटले. मजकूर ऐसा की, बाबांची उमर झाली, गाडीची त्याहून झाली. भंगारवाला ठरविला आहे. शनिवारी येऊन घेऊन जाईल. सी बूअलेम यांणी टेलिफोन आम्हांकडे दिला, आणि आम्ही तो परत त्यांजकडे दिला, आणि येणेप्रमाणे वाटाघाटी चालल्या.

“बाबा, ती गाडी नाही राहिली आता. ते लोखंड आहे.”

“तू पण त्याच लोखंडात बसून शाळेत गेलास.”

“आणि रोज उशिरा पोचलो. बाबा, ऐका. मावशीला इकडे वाहरानला आणू आपण.”

“तुझ्या मावशीला? तू आण. मी गच्चीवरून बघतो.”

शेवटी तह ठरला तो ऐसा: येत्या शुक्रवारी गझाला आपल्या पायांनी ऐन रम्मानचे दारी पोहोचावी, आणि तेथोन मावशीने खुद्द टेलिफोनावर साक्ष द्यावी, तर विकण्याचा विषय पुन्हा काढणे नाही. न पोहोचली तर शनिवारी भंगारवाला. आणि भंगारवाला याचा अर्थ आमचे शुक्रवार संपले, हे त्या तहात कोठे लिहिले नव्हते. आम्हांस वाचता आले.

शहरातील मिस्त्रीकडे विचारिले, तो म्हणाला तीन आठवडे. मग सी बूअलेम यांणी जेवणाचे ताटावरच फर्मान काढिले की क्लच आम्ही खासे पालटू. सरंजाम घरात सिद्धच होता. सहा वर्षांमागे पुतण्याने मार्सेलहून क्लचचा जोड आपल्या बॅगेत आणिला होता, आणि बंदरावरचे कस्टमवाल्यास कुस्कुसच्या भांड्याची झाकणे म्हणोन सांगितले होते, आणि कस्टमवाल्याने विश्वास ठेविला होता, यावरून त्याचे घरी स्वयंपाक कोण करितो ते कळावे. तो जोड आमच्या हिवाळी ब्लँकेटांत निजला होता. आम्ही दरसाल त्यास ऊन देत असू.

पहिली लढाई गॅरेजाशीच जाहली. आमचे मुलखी गॅरेज गाडीसाठी बांधिती आणि गाडी रस्त्यावर ठेविती, हे सर्वांस ठाऊक आहे. आत जैतुनांच्या सहा बरण्या, धुतलेल्या लोकरीचे तीन गठ्ठे, ईदेच्या बोकडाची राहिलेली पेंढी, सुनेस आवडेना ऐसा सोफा, आणि चादरींवर वाळत घातलेले कुस्कुस ऐसा जबरदस्त शत्रू ठाण मांडोन होता. सोमवार सारा तो गड खाली करण्यात गेला. सी बूअलेम यांणी हुकूम करावे आणि आम्ही बरण्या वाहाव्या, ऐसी कामाची वाटणी जाहली. सोफा घरात जाणाऱ्या आतील दारातच अडकला, तो तेथेच मोर्चा म्हणोन ठेविला.

मंगळवारी सरदार जमा जाहले. एक आमचा जावई फूदिल, शाळेत भूगोल शिकवितो. जगातील सर्व खिंडी त्यास मुखोद्गत, पाना मात्र हाती प्रथमच धरिलेला. दुसरे शेजारचे सी तय्यब, रेल्वेचे जुने फिटर, उमर चौऱ्याहत्तर. यांणी रुळांखालचे लाकडी ओंडके गाडी टेकविण्यास दिले, आणि पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणोन दारी मांडिली, आणि तीवर विराजमान होऊन तीन दिवस उठले नाहीत.

आमचे येथे रिवाज ऐसा की कोणी काम करीत असेल तर वाटेने जाणाराने “अल्ला मदत करो” म्हणावे. म्हटल्यावर तसेच पुढे जाणे हे मग बरे दिसत नाही. सबब जो तो थांबे, आणि थांबल्यावर सल्ला देणे प्राप्त, आणि सल्ला दिल्यावर कॉफी पाजणे आम्हांस प्राप्त. दुपारपर्यंत अल्लाच्या मदतीस अकरा माणसे जमली. पैकी गाडीखाली एक.

“जॅक तिथे नको लावू, फूदिल,” सी तय्यब बोलिले.

“मग कुठे लावू, सी तय्यब?”

“तेच तर. तिथे नको.”

मग बॅटरी सोडविली, आणि गाडी ओंडक्यांवर चढविली, आणि मागचे चाकांस जाणारा दांडा उतरविला, आणि गिअरबॉक्साचे बोल्ट एक एक करोन हाती आणिले. शेवटचा बोल्ट हट्टास पेटला. त्यास तेल पाजिले, हातोडीने समजाविले, शिव्या दिल्या. सी बूअलेम जातीनिशी खाली शिरले, आणि दोन्ही पाय गॅरेजाबाहेर राहिले, आणि त्या पायांवरोन आळीतील लोक लढाईचा रंग ओळखीत. तिसरे प्रहरी अस्रच्या अजानेस बोल्ट सुटला आणि गिअरबॉक्स शेजारी निजलेल्या फूदिलाचे छातीवर उतरला. फूदिल मर्द माणूस, त्याणे हूं केले नाही. त्यास श्वासच नव्हता.

जुनी क्लच प्लेट बाहेर काढिली, ती पोळीसारखी पातळ आणि काळी जाहली होती. सी बूअलेम यांणी ती हाती धरोन बहुत वेळ पाहिले आणि सर्वांस दाखविली आणि बोलिले, हलक्या मालाची होती. पन्नास वर्षे टिकलेल्या वस्तूविषयी पुरुषमाणसाचे हे मत आम्ही नमूद करोन ठेवितो.

बुधवारी नवी प्लेट बसवावयाची. सी बूअलेम गाडीखाली जाण्यास वाकिले, आणि तैसेच राहिले. कमरेने फितुरी केली. मग त्यांस त्याच अडकलेल्या सोफ्यावर पालथे घातले, आणि तेथोन त्यांणी सेनापत्य चालविले. फूदिलास नीट समजावे म्हणोन खडू मागविला, आणि पालथे पडोनच भिंतीवर आकृती काढिली: दोन टोकांस दोन चौकटी, एक इंजिन आणि एक गिअरबॉक्स, आणि मध्ये प्लेट, आणि प्लेटीच्या पोटाशी जो उंचवटा असतो तो एका बाजूस. ही प्लेट उलटी बसली तर सारे व्यर्थ. उंचवटा गिअरबॉक्साकडेच पाहिजे, हे तोंडी सांगितले नाही, चित्रातच दाखविले. चौकटींवर नावे घातली नाहीत. त्यांचे म्हणणे, शिकल्यासवरल्या माणसास चित्रावर नाव कशाला.

“कळलं ना? सुरुवातीपासून बघत जा, तसंच लाव.”

“कळलं, बाबा.”

“सुरुवातीला इंजिन. मग प्लेट. मग गिअरबॉक्स.”

“हो, हो. भूगोल शिकवतो मी, नकाशे वाचतो रोज.”

मग फूदिलाने झाडूची दांडी तासोन तीत प्लेट मधोमध धरिली, आणि वरून झाकणाची जड प्लेट आवळिली, आणि सी तय्यब यांणी खुर्चीवरोन बोल्ट मोजिले, आणि चौघांनी मिळोन गिअरबॉक्स वर चढविला. दिवस मावळता मग्रिबेस काम पुरे जाहले. वाटेने जाणाऱ्यांनी मुबारकी दिली. सी बूअलेम पालथेच होते, तरी मान उंच करोन मुबारकी घेतली.

गुरुवारी सकाळी गाडी सुरू केली. फूदिलाने क्लच दाबिला आणि गिअर टाकू गेला, तो आतून ऐसा आवाज उठला की आळीतील मांजरे परागंदा जाहली. पुन्हा दाबिला, पुन्हा तोच कल्लोळ. क्लच लागला होता, सुटत मात्र नव्हता. मग बारा मुत्सद्द्यांनी बारा निदाने केली. एक म्हणे केबल, एक म्हणे बेअरिंग, एकाने पेट्रोलास दोष दिला, आणि एक वृद्ध बोलिले की गाडीस नजर लागली, आणि ते नादिराचे नाव न घेता नादिराकडेच पाहत होते, तो वाहरानास असता.

सी बूअलेम यांचा क्रोध अनावर जाहला.

“मी सांगितलं तसं लावलंस का?”

“अगदी तसंच. चित्रात बघून.”

“सुरुवातीपासून?”

“सुरुवातीपासूनच, बाबा. शप्पथ.”

“कुठली सुरुवात, दाखव.”

तेव्हा सासऱ्याने सोफ्यावरोन हात लांब करोन भिंतीचे डावे टोक दाखविले, आणि त्याच क्षणी जावयाने तेलकट बोट उजवे टोकावर ठेविले. दोन बोटे दोन दिशांस राहिली.

याचा उलगडा लिहिणे प्राप्त आहे. सी बूअलेम लहानपणी फिरंगी राज्यात फ्रेंच शाळेत शिकले, ते डावीकडोन वाचीत आले. गणित, नकाशा, चित्र सारे त्यांस डावीकडोन सुरू होते. फूदिल स्वातंत्र्यानंतर जन्मला, सारे शिक्षण अरबीत जाहले, त्याचे जग उजवीकडोन सुरू होते. एका घरी वीस वर्षे एका ताटात जेवले, आणि एकमेकांची सुरुवात कोठे ते कोणी कोणास विचारिले नव्हते. येणेप्रमाणे फूदिलाने उजवी चौकट इंजिन समजोन, तिकडे काढिलेला उंचवटा इंजिनाकडे केला. दोघेही बरोबर होते, आणि प्लेट उलटी होती.

खुर्चीवरोन सी तय्यब बोलिले, “रेल्वेत आम्ही नावं लिहायचो.”

“आता सांगताय?” फूदिल बोलिला.

“मला कुणी विचारलं? मला कॉफी विचारत होते सगळे.”

आता सारे पुन्हा उतरविणे आले. हाती दुपार उरली होती आणि शुक्रवारची सकाळ. सी बूअलेम यांस हालता येईना. फूदिलाचे छातीवर गिअरबॉक्साचा निळा शिक्का उमटला होता, तो पायरीवर बसला आणि बोलिला, “बाबा, माझ्याच्यानं आता होत नाही. नादिरला फोन करू या.” त्यास कोणी दोष दिला नाही. एक एक करोन मुत्सद्दी उठले. ज्यांणी अल्लाची मदत मागितली होती त्यांणी ती तेथेच ठेवोन घरचा रस्ता धरिला.

मग आम्ही आत जाऊन बहिणीस फोन लाविला.

“लल्ला, उद्याचं काही खरं नाही.”

“बरं. नका येऊ.”

“चणे भिजत घातलेस का?”

“घातले होते दुपारीच. राहू देत. सूप करीन.”

“तू एकटी किती सूप खाणार?”

“यमीना, मी चौऱ्याऐंशीची आहे. मला एकटीनं जेवता येतं. तू रडू नकोस, मला ऐकू येतं.”

आम्ही रडत नव्हतो. कांदा चिरीत होतो. कांदा नंतर सापडला नाही.

हे बोलणे खिडकीतोन गॅरेजात ऐकू गेले असावे, कारण आम्ही परत पाहिले तो खुर्ची रिकामी होती. तीन दिवस जे स्थान अढळ राहिले ते सी तय्यब यांणी सोडिले होते, आणि बाह्या सारोन, टोपी उलटी करोन, चौऱ्याहत्तर वर्षांचे शरीर ओंडक्यांखाली ढकलिले होते. त्यांची कबिला गच्चीवरोन ओरडली, त्यांणी खालोन पाना मागितला. फूदिल पायरीवरोन उठला आणि शेजारी उताणा जाहला. सी बूअलेम यांणी सोफ्यावरोन हात लांबवोन आकृतीतील दोन्ही चौकटींवर नावे लिहिली, फ्रेंचमध्ये आणि अरबीत, आणि अरबी अक्षर वाकडे आले, तेव्हा आपल्या सदऱ्याचे बाहीने पुसोन पुन्हा लिहिले. त्या दुपारी सल्ला कोणी दिला नाही. आवाज फक्त पान्यांचे येत होते आणि मधूनच, “तेरा नंबर दे,” “हा?” “तेरा म्हटलं,” “हा तेराच आहे,” “मग बोल्ट चुकलाय.” गिअरबॉक्स उतरला, प्लेट सुलट जाहली, मग्रिबेस अर्धे बोल्ट लागले, आणि उरलेले शुक्रवारी पहाटे फज्रची नमाज होताच लाविले.

आठ वाजता क्लच दाबिला. गिअर लोण्यात सुरी शिरावी तैसा पडला. गझाला एक हात मागे सरली आणि एक हात पुढे आली. सी तय्यब खुर्चीवर परत बसले आणि बोलिले, “मी म्हणतच होतो.” त्यांस कॉफी दुप्पट साखरेची दिली.

निघण्यापूर्वी आम्ही एक तहनामा मंजूर करोन घेतला: यापुढे डावा पाय क्लचवर विसावणार नाही, विसाव्यास गाडीची जमीन आहे. सी बूअलेम यांणी कमरेस लोकरीचा पट्टा आवळोन तो कबूल केला. त्यांस गाडीत बसविण्यास तीन माणसे लागली, आणि बसल्यावर ते एकदम पन्नाशीतले दिसो लागले. मग कूच जाहले. फूदिल मागे बसला, मांडीवर हत्यारांची पेटी, न जाणो. पहिले वळण, दुसरे, तिसरे. चौथ्या वळणी तिघांनीही नाके वर करोन वास घेतला. रानातील ओव्याचा वास होता. सी बूअलेम यांचा डावा पाय दोन वेळा उठला, आणि आम्ही दोन वेळा खोकलो, आणि तो दोन वेळा खाली गेला. गझाला एक शब्द न बोलता घाट चढली.

ऐन रम्मानास पोहोचलो तो बहिणीचे दार बंद. दर शुक्रवारी ती उंबऱ्यात खुर्ची टाकोन बसलेली असते. सी बूअलेम यांणी भोंगा वाजविला, आणि आतोन कडी निघाली, आणि बहीण भिंत चाचपीत बाहेर आली.

“कोण?”

“लल्ला, मी. आम्ही आलो.”

“तुम्ही? गाडीनं?” तिणे मान कलती करोन ऐकिले. “पन्नास वर्षं ती गाडी घाटभर किंचाळत यायची. तिसऱ्या वळणापासून मला कळायचं, मी कुस्कुसवर रस्सा ओतायला घ्यायची. आज कुणीतरी गुपचूप आलं. मला वाटलं, दुसऱ्याकडचे पाहुणे. म्हणून दार लावून घेतलं. कशाला दुसऱ्यांचे पाहुणे ऐकत बसायचे?”

मग फूदिलाने वाहरानास टेलिफोन लाविला आणि साक्षीसाठी बहिणीचे हाती दिला.

“मावशी, गाडी खरंच आली का?” नादिर विचारीत होता.

“मला कुठे दिसतंय, बाळा.”

“मग?”

“तुझा बाप माझ्या दारात उभा राहून कंबर दुखते म्हणतोय. चालत आला असता तर पाय दुखतात म्हणाला असता. भंगारवाल्याला नको म्हणून कळव. आणि ठेव आता, रस्सा ओतायचाय.”

येणेप्रमाणे ऐन रम्मानची फत्ते जाहली. चणे मऊ होते, रस्सा किंचित उशिरा ओतिला गेल्याने कुस्कुस थोडे कोरडे राहिले, इतकीच काय ती आमची हानी. सी बूअलेम उभ्यानेच जेविले, फूदिल बसोन आणि तीन वेळा वाढोन घेऊन, आणि बहिणीने आमचा उजवा हात ताटाखाली धरोन ठेविला होता तो जेवण संपेतो सोडिला नाही. सबब आम्हांस डाव्या हाताने जेवणे प्राप्त जाहले, जे आमचे येथे कोणी करीत नाही. केले. मोहीम समाप्त.